मुलं वाचून येत नाहीत, तर तास जिवंत कसा करायचा?

प्रश्न असा आला: "नागपुरातल्या एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर बी.एस्सी. पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवतो. वर्गात 85 मुलं आहेत. तासाला नुसतं व्याख्यान न होता चर्चा, गणितं, छोटे प्रयोग व्हावेत म्हणून गेल्या सत्रात मी आदल्या दिवशी व्हिडिओ आणि पीडीएफ पाठवायला सुरुवात केली. पाच-सात जणच बघून येतात. मग नाइलाजानं सगळं पुन्हा शिकवावं लागतं आणि चर्चेला वेळ उरत नाही. कुठं चुकतंय?"

सर, चूक तुमच्याच एका वाक्यात सापडते: "नाइलाजानं सगळं पुन्हा शिकवावं लागतं."

मुलांच्या बाजूनं बघा. जो रात्री अर्धा तास बसून व्हिडिओ बघून आला, त्याला सकाळी तेच पुन्हा ऐकावं लागलं. जो न बघता आला, त्याचं काहीच बिघडलं नाही, उलट सरांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. असं दोनदा झालं की ते पाच-सात जणही बघणं सोडतात. त्याला आळस म्हणता येणार नाही. मुलं हिशेबी असतात आणि त्यांचा हिशेब बरोबर असतो.

हे मी खात्रीनं सांगते, कारण माझ्याकडून हेच झालं आहे. मी सत्तावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते आहे. 2020-21 मध्ये सगळं ऑनलाइन होतं तेव्हा मी चाळीस-चाळीस मिनिटांचे व्हिडिओ तयार केले. कॉलेज पुन्हा भरलं तेव्हा वाटलं, आता हे मुलांनी घरी बघावेत आणि वर्गात आपण फक्त प्रश्न घ्यावेत. पहिल्या आठवड्यात मी वर्गात विचारलं, "काही शंका?" कुणी बोललं नाही. म्हणजे सगळ्यांना समजलं असं धरून मी गणितं घातली, आणि अर्धा वर्ग पेन खाली ठेवून बसून राहिला. शेवटच्या बाकावरची एक मुलगी तासानंतर येऊन म्हणाली, "मॅडम, व्हिडिओ पूर्ण पाहिला, पण काय विचारायचं तेच समजून नाही राहिलं." त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करत होते. शंका विचारायला आधी थोडं समजावं लागतं. ज्याला काहीच समजलं नाही, त्याला शंका तरी कुठून येणार?

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. आदल्या दिवसाची तयारी मुलं काय शिकून येतील यासाठी मी देत नाही. उद्या वर्गात उभं राहण्याआधी मुलांच्या डोक्यात काय आहे ते मला कळावं, यासाठी देते. त्यांनी काही वाचायचं, एका प्रश्नाचं उत्तर चार ओळींत लिहायचं, ते उत्तर तासाआधी माझ्या हातात पडलं पाहिजे, आणि तो तास त्या उत्तरांवरूनच घडला पाहिजे. तुमच्या पद्धतीत मधला दुवा नाही. तुमच्याकडून व्हिडिओ जातो, पण त्यांच्याकडून तुमच्याकडे परत काहीच येत नाही.

ही युक्ती माझी नाही. अमेरिकेत 1990 च्या दशकात ग्रेगर नोवॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती भौतिकशास्त्राच्या वर्गांसाठी बसवली. 'जस्ट-इन-टाइम टीचिंग' असं तिचं नाव, आणि त्यावरचं त्यांचं पुस्तक 1999 चं. मला त्यातला एक तपशील फार जवळचा वाटतो. नोवॅक इंडियानापोलिसच्या ज्या विद्यापीठात शिकवत, तिथली बरीच मुलं वसतिगृहात राहणारी नव्हती. नोकरी करून, लांबून ये-जा करून शिकणारी होती. तास संपला की ती घराकडे किंवा कामाकडे धावत. म्हणजे शिक्षकाला त्यांचा सहवास मिळायचा तो तासापुरताच, आणि तो तास वाया घालवणं परवडणारं नव्हतं. आपल्याकडे काटोल, उमरेड, सावनेरहून एसटीनं येणारी मुलं आठवा. साडेतीनची बस चुकली तर पुढची किती वाजता आहे, हे ज्यांना पाठ असतं, ती आपली मुलं.

आता एक तास सविस्तर सांगते, म्हणजे नुसत्या तत्त्वावर राहायला नको.

मार्चअखेरचे दिवस होते. विषय होता बाष्पन आणि अप्रकट उष्मा. पुस्तकातली फक्त दोन पानं वाचायला दिली, त्याहून जास्त नाही. सोबत एक प्रश्न: "तुमच्या घरी कूलर असेल तर त्याच्या टाकीत हात घालून बघा. दुपारी नळाचं पाणी गरम येतं, तेच आपण टाकीत ओततो. मग कूलर तासभर चालल्यावर टाकीतलं पाणी गार का लागतं? आणि हाच कूलर जुलैत कुचकामी का होतो? कूलर नसेल तर माठाबद्दल लिहा. हाताने, चार-पाच ओळी, कोणत्याही भाषेत. शेवटी एक ओळ: वाचताना कुठं अडलं?"

नागपूरच्या पोरांना कूलर शिकवावा लागत नाही. मार्च लागला की गवत बदलायचं, पंप साफ करायचा, खिडकीत कूलर बसवायचा, हे त्यांनीच केलेलं असतं. पण माहीत असणं आणि समजणं यातलं अंतर त्यांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांमध्ये लख्ख दिसलं.

सगळ्यात मोठा गठ्ठा होता तो असा: "कूलरमधलं पाणी थंड असतं, म्हणून हवा थंड होते." पाणी थंड का, तर "सावलीत असतं म्हणून", "टाकी लोखंडाची असते म्हणून", "पंख्याची हवा लागते म्हणून". म्हणजे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली होती. दुसरा गठ्ठा पुस्तकी. बाष्पनाची व्याख्या जशीच्या तशी उतरवलेली, कूलरचा उल्लेखच नाही. तिसऱ्या गठ्ठ्यात फारच थोड्या चिठ्ठ्या होत्या, पण त्या सोन्यासारख्या. एकानं लिहिलं होतं, "आमच्या घरी माय म्हणते खिडकी उघडी ठेव, नाहीतर कूलर काम नाही करत. पण का ते मला माहीत नाही." एका मुलीनं माठाबद्दल लिहिलं होतं, की नवा माठ पाणी गार करतो, दोन उन्हाळे झालेला माठ तेवढं करत नाही. आणि "कुठं अडलं?" या ओळीत दहा-बारा जणांनी एकच गोष्ट लिहिली होती: 'लेटेंट' म्हणजे काय?

या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबते. आपल्याकडची निम्मी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातून आलेली असतात. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांनी 'बाष्पनाचा विशिष्ट अप्रकट उष्मा' शिकलेला असतो, 'सापेक्ष आर्द्रता' आणि 'दवबिंदू' शिकलेला असतो, त्यावरची गणितंही सोडवलेली असतात. अकरावीला माध्यम बदललं, आणि जे येत होतं ते अनोळखी होऊन बसलं. 'लेटेंट हीट' म्हणजे तोच अप्रकट उष्मा, एवढं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिलं, की कितीतरी चेहरे उजळतात. "अरे, हे तर येत होतं." म्हणून मी वाचायला दिलेल्या पानांसोबत आठ-दहा शब्दांची एक पट्टी देते. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला दहावीच्या पुस्तकातला मराठी शब्द. तुमच्या पीडीएफ कुणी उघडत नाही, त्यामागे आळसापेक्षा हे कारण मोठं असू शकतं. मुलं तिसऱ्या ओळीला अडतात आणि मोबाइल खाली ठेवतात. उत्तर मराठीत, हिंदीत, मिसळीच्या भाषेत, कसंही चालेल, हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगा आणि पाळा. परीक्षेचं इंग्रजी नंतर बसवता येतं. आधी विचार बाहेर यायला हवा.

पुढं तास असा गेला. वर्गात गेल्यावर मी बाष्पन शिकवलं नाही. फळ्यावर चार वाक्यं लिहिली, मुलांच्याच चिठ्ठ्यांतली, त्यांच्याच शब्दांत, नावं न घेता. "पाणी थंड असतं म्हणून हवा थंड होते." "पंख्याची हवा लागते म्हणून पाणी थंड होतं." "माय म्हणते खिडकी उघडी ठेव." "जुना माठ कमी गार करतो." वर्गात एक वेगळीच शांतता पसरते तेव्हा. प्रत्येक जण आपलं वाक्य शोधत असतो. चुकीचं वाक्य आपलं आहे हे फक्त त्यालाच माहीत असतं, त्यामुळे लाजही वाटत नाही.

मग प्रयोगशाळेतून आणलेले दोन थर्मामीटर. एकाच्या फुग्याला ओला कापूस गुंडाळला. एका मुलाला वहीनं वारा घालायला सांगितलं. तीन-चार मिनिटांत कोरडा थर्मामीटर 39 वर आणि ओला 21 वर आला. कापसावर घातलेलं पाणी वर्गाच्या तापमानाचंच होतं, हे सगळ्यांनी बोट लावून आधीच बघितलं होतं. अठरा अंशांचा फरक, बर्फ नाही, फ्रिज नाही. त्यानंतर मी प्रश्न टाकला: कूलरच्या टाकीत 35 अंशांचं पाणी ओतलं, बाहेरची हवा 42 अंश आणि कोरडी, कूलर दोन तास चालू. टाकीतलं पाणी (अ) 42 कडे चढेल, (ब) 35 वरच राहील, (क) 35 च्या बरंच खाली उतरेल, (ड) पाणी किती आहे यावर ठरेल.

मिनिटभर कुणी कुणाशी बोलायचं नाही. मग 'एक, दोन, तीन' म्हटलं की सगळ्यांनी एकदम आपापलं कार्ड वर करायचं. कार्ड म्हणजे जुन्या प्रॅक्टिकल वह्यांच्या पुठ्ठ्याचे चार तुकडे, त्यावर अ, ब, क, ड. तेही नसेल तर छातीशी धरलेली बोटं चालतात, एक बोट म्हणजे 'अ', दोन म्हणजे 'ब'. छातीशी धरली की मागच्याला दिसत नाहीत. थर्मामीटर डोळ्यांनी बघूनही 'क' वर अर्ध्याहून कमी हात होते. वर्गात ते बघितलेलं आणि घरचा कूलर, यांची अजून भेट झालेली नव्हती.

मी उत्तर सांगितलं नाही. "शेजारच्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवा," एवढंच सांगितलं आणि बाकांमधून फिरत राहिले. तीन मिनिटं वर्गात बाजार भरला होता. एक मुलगा दुसऱ्याला सांगत होता, "अबे, पाणी उडून जाताना उष्णता कुठून घेणार? उरलेल्या पाण्याकडूनच ना." हे वाक्य मी म्हटलं असतं तर वहीत उतरलं असतं. त्यानं म्हटलं म्हणून शेजारच्यानं वाद घातला, "मग हवेकडून का नाही घेणार?" आणि दोघं मिळून बरोबर जागी पोचले: दोघांकडूनही घेते, आणि म्हणूनच हवा आणि पाणी दोन्ही गार होतात. पुन्हा कार्ड वर केली तेव्हा वर्गाचा बहुतेक भाग 'क' वर होता. उरलेल्यांना मी नाही, त्यांच्याच एका मैत्रिणीनं फळ्यापाशी येऊन सांगितलं.

ही मतदानाची रीत हार्वर्डच्या एरिक माझूर यांची. 1990 च्या सुमारास त्यांनी आपल्या मुलांना बलाच्या संकल्पनांवरची एक साधी चाचणी दिली. मोठी गणितं सोडवणारी मुलं साध्या प्रश्नांवर अडखळली. एका विद्यार्थिनीनं तर विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहायची की मला खरंच वाटतं तशी. त्यातून 'पीअर इन्स्ट्रक्शन', म्हणजे मुलांनी एकमेकांकडून शिकणं, उभं राहिलं. त्यांनी घालून दिलेला एक अंदाज रोज कामी येतो: पहिल्या मतदानात साधारण 35 ते 70 टक्के उत्तरं बरोबर असतील तर आपसात बोलू द्यावं. त्याहून कमी असतील तर बोलून फायदा नाही, कुणालाच माहीत नसतं, तेव्हा आपण थोडं समजावून प्रश्न पुन्हा टाकायचा. फारच जास्त असतील तर दोन वाक्यांत आटोपून पुढं जायचं. आपल्या वर्गात हात मोजत बसायची गरज नाही, नजरेला कळतं.

उरलेल्या वेळात गणित घेतलं, आणि ते मला सगळ्यात आवडतं. मे महिन्यात बरेच जण कूलरच्या टाकीत बर्फ टाकतात. त्याचा उपयोग किती? मोठा कूलर कोरड्या हवेत तासाला दहा लिटर पाणी उडवतो असं धरू. एक किलो पाण्याची वाफ होताना साधारण 2400 किलोज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणजे तासाला 24,000. दोन किलो बर्फ वितळताना किलोमागे 334 किलोज्यूल, आणि ते पाणी 22 अंशांपर्यंत तापताना आणखी थोडी, अशी सगळी मिळून साधारण 850. म्हणजे तासाभराच्या कामाच्या साडेतीन टक्के. हा आकडा मुलांनी स्वतः काढला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे आम्ही उगाच बर्फ आणून राहिलो होतो!" त्या दिवशी त्या वर्गाला अप्रकट उष्म्याचं मोठेपण कळलं, आणि ते माझ्या व्हिडिओत चाळीस मिनिटं सांगूनही कळलं नव्हतं. खिडकीचा आणि जुलैचा प्रश्न मी तसाच ठेवला. तो सापेक्ष आर्द्रतेच्या पुढच्या तासाची चिठ्ठी झाला.

आता कामाच्या बाजूबद्दल, कारण 85 चिठ्ठ्या ऐकूनच तुमच्या पोटात गोळा आला असेल.

चिठ्ठ्या तपासायच्या नसतात, वाचायच्या असतात. लाल पेन हातात घेऊच नका. एक चिठ्ठी वाचायला पंधरा-वीस सेकंद पुरतात, म्हणजे पाऊण तासाच्या आत काम होतं. वाचता वाचता टेबलावर तीन-चार गठ्ठे पडत जातात आणि प्रत्येक गठ्ठ्यातलं एक बोलकं वाक्य वेगळं काढायचं. व्याख्यानाच्या नोट्स काढायला जो वेळ जात होता, तोच इथं जातो. गुगल फॉर्मवर घेतलं तर वाचणं आणखी सोपं होतं, आणि रात्री नऊपर्यंतची वेळ दिली तर सकाळच्या तासाआधी सगळं हाताशी असतं. पण सगळ्यांकडे रोज डेटा शिल्लक असतोच असं नाही, म्हणून विभागाबाहेर एक पेटीही ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर उत्तरं मात्र मागवू नका. पहिलं उत्तर आलं की पुढची साठ त्याची नक्कल असतात.

नकलेचा आणि मोबाइलवरून तयार उत्तर उतरवण्याचा प्रश्न आता सगळीकडेच आहे. त्यावर पहारा ठेवण्यापेक्षा प्रश्न बदलणं सोपं. "बाष्पन म्हणजे काय?" विचारलं तर उत्तर तयार मिळणारच. "तुमच्या टाकीत हात घालून बघा", "तुमच्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज कसा येतो?", "बस अचानक थांबली तेव्हा दांडीला धरलेल्या हाताला काय जाणवलं?" असं विचारलं की नक्कल करण्यापेक्षा स्वतःचं लिहिणंच कमी कष्टाचं होतं. आणि गुण द्यायचेच असतील तर बरोबर उत्तराला देऊ नका, लिहून आल्याबद्दल द्या. तुमच्या विभागाच्या अंतर्गत मूल्यमापनात थोडे गुण यासाठी ठेवता आले तर विभागप्रमुखांशी आधी बोलून घ्या. चूक लिहिलं तर गुण जाणार हे कळलं, की मुलं खरं लिहिणं बंद करतात, आणि मग चिठ्ठ्यांमधून तुम्हाला काहीच कळत नाही.

न वाचता आलेल्यांचं काय? त्यांना वर्गाबाहेर काढू नका, रागावूही नका. मी त्यांना पहिली सात-आठ मिनिटं एका बाजूच्या दोन बाकांवर बसवते आणि तीच दोन पानं हातात देते. बाकीचे तोवर फळ्यावरच्या वाक्यांवर कामाला लागलेले असतात. मग तेही मिसळतात. त्यांच्यासाठी मी पुन्हा शिकवत नाही. हे पहिले दोन-तीन आठवडे फार जड जातं. समोर चाळीस मुलं कोरी बसलेली दिसतात आणि खडू हातात घेऊन पहिल्यापासून सुरू करावं असं वाटतं. तो मोह आवरा. एकदा जरी त्याला बळी पडलात तरी पुढचा महिनाभर मुलं वाट बघतात, की मॅडम आज तरी सांगतील. पण चौथ्या आठवड्याच्या आसपास चिठ्ठ्यांची संख्या चढू लागते. त्यामागचं कारण धाक नाही. आपलं वाक्य फळ्यावर येतं का, हे बघायला मुलं लिहून आणतात. वर्गात एखाद्याचं वाक्य मी फळ्यावर लिहिते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा तो क्षणभराचा अभिमान मी सत्तावीस वर्षांत इतर कुठल्या मार्गानं मिळवू शकले नाही.

तुम्हाला दोन तक्रारी ऐकायला मिळतील. पहिली मुलांकडून: "सर शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावतात." ही तक्रार मनाला लागते, विशेषतः तासिका तत्त्वावर असताना, जेव्हा पुढच्या वर्षीची नेमणूक हातात नसते. यावर हार्वर्डमध्येच 2019 मध्ये एक नेमका अभ्यास झाला. तोच मजकूर काही मुलांना सफाईदार व्याख्यानातून दिला आणि काहींना स्वतः करायला लावून. नंतरच्या चाचणीत करणाऱ्यांना जास्त आलं, पण "आपण किती शिकलो?" असं विचारल्यावर व्याख्यान ऐकणाऱ्यांनीच जास्त शिकल्याचं सांगितलं. छान बोलणाऱ्याचं ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि स्वतः झगडताना आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. ही गोष्ट मी दरवर्षी पहिल्याच तासाला मुलांना सांगते. पुढं पहिली घटक चाचणी झाली की पुन्हा आठवण करून देते. तोवर थोडी कळ सोसावी लागते. मुलांचं म्हणणं खोटं असतं असं नाही, त्यांना तसं वाटतंच. म्हणून त्यांच्यावर चिडायचं नाही.

दुसरी तक्रार स्टाफरूममधून येते. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला चार लोकांत ऐकवलं होतं, की तुमच्या वर्गात गोंधळ फार असतो आणि हे परदेशी प्रकार आपल्या मुलांना झेपत नाहीत. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज सुचतं. नागपूरहून इटारसी ओलांडली की मध्य प्रदेशातलं होशंगाबाद येतं, आताचं नर्मदापुरम. तिथं 1972 मध्ये सहावी ते आठवीच्या सोळा शाळांत एक कार्यक्रम सुरू झाला, ज्यात खेड्यातली मुलं पाठांतराऐवजी प्रयोग करून, आपसात बोलून विज्ञान शिकत. 'होशंगाबाद विज्ञान' म्हणून तो ओळखला गेला, पुढं 'एकलव्य' संस्थेनं तो वाढवला आणि 2002 पर्यंत तो शासकीय शाळांत चालू होता. मुलं आमच्याच शेजारची, भाषा हिंदी, शाळांची अवस्था आपल्या कॉलेजांपेक्षा कितीतरी बिकट. त्यांना झेपलं. आपल्या मुलांना का झेपणार नाही?

आणि "अभ्यासक्रम पूर्ण कसा होणार?" हा प्रश्न तर तुम्हाला स्वतःलाच पडेल. याला माझं सरळ उत्तर आहे: सगळे तास असे घेऊच नका. आठवड्याचे चार तास असतील तर त्यातला एक. ज्या जागी मुलं दरवर्षी हमखास अडतात ती जागा त्यासाठी निवडा. न्यूटनचा तिसरा नियम, अप्रकट उष्मा, विद्युतमंडलात धारा 'वापरली जाते' हा समज, आपल्या सावलीसारख्या पाठी लागणाऱ्या या चुका आपल्याला माहीतच असतात. सिद्धता, व्याख्या, एककं हे व्याख्यानातून झपाट्यानं होतं आणि व्हायला हवं. मी स्वतः व्याख्यान देणं सोडलेलं नाही. पण जिथं मुलांची जुनी समजूत आडवी येते तिथं सांगून ती हलत नाही, हे मान्य करायला मला फार वर्षं लागली. 1998 मध्ये रिचर्ड हेक यांनी अमेरिकेतल्या 62 अभ्यासक्रमांतल्या सहा हजारांहून जास्त मुलांचे निकाल एकत्र मांडले. सुरुवातीला जे येत नव्हतं त्यातलं किती आलं, हे त्यांनी मोजलं. व्याख्यानावरच्या वर्गांत सरासरी 23 टक्के, आणि मुलांना विचार करायला, बोलायला लावणाऱ्या वर्गांत 48 टक्के. व्याख्यानानं अभ्यासक्रम 'पूर्ण' होतो तेव्हा मुलांपर्यंत किती पोचलेलं असतं, हे त्या 23 वरून कळतं.

व्हिडिओंचं काय करायचं? फेकू नका. पण त्यातले सहा-सात मिनिटांचे तुकडे करा, एका तुकड्यात एकच गोष्ट. ज्या मुलांना वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं जातं त्यांच्यासाठी तो तुकडा दोन पानांना पर्याय म्हणून द्या. दोन्ही सक्तीचं करू नका. घरची तयारी अर्ध्या तासाच्या वर जाता कामा नये, कारण तुमच्याशिवाय आणखी पाच शिक्षक त्याच मुलांना काहीतरी देत असतात.

सुरुवात या सत्रात पुढच्या घटकापासून करा. पहिल्या तासासाठी सोमवार घेऊ नका. गावी गेलेली बरीच मुलं सोमवारी उशिरा पोचतात किंवा येतच नाहीत. बुधवार बरा. मंगळवारी तास संपायच्या पाच मिनिटं आधी दोन पानं आणि शब्दांची पट्टी वाटा, आणि प्रश्न फळ्यावर लिहून मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्या, म्हणजे "माहीत नव्हतं" हे कारण उरत नाही. पहिल्या बुधवारी वीस चिठ्ठ्या आल्या तरी तास त्या विसांवरच घ्या. त्यातली चार वाक्यं फळ्यावर लिहून सुरुवात करा, आणि त्या दिवशी कुणीही म्हटलं "सर, आधी एकदा समजावून सांगा ना", तर त्याला पान हातात द्या आणि शेजारच्याकडे बसवा.